अवांतर आणि मूळपद

चार माणसे एखाद्या विषयाच्या आवडीने एकत्र जमली म्हणजे त्यांचे बोलणे त्या विषयावरच राहील, अशी भोळी समजूत पुष्कळांची असते. अनुभव मात्र निराळा आहे. आवड माणसांस एकत्र आणते. परंतु एकत्र आल्यावर त्यांस एका ठिकाणी बांधून ठेवण्याचे सामर्थ्य तिच्या अंगी असतेच असे नाही. आपल्या भाषेतील शब्दसंपत्तीच ह्या गोष्टीची साक्ष देईल. अवांतर, विषयांतर, पाल्हाळ, फाटे फोडणे, चऱ्हाट वळणे, गुऱ्हाळ घालणे! ज्या दोषाला इतकी नावे पडली, तो दोष समाजात घरोघर नांदत असला पाहिजे हे उघड आहे. उलटपक्षी विषयाला धरून बोलण्याच्या गुणासाठी शब्द शोधू लागावे, तर 'मुद्द्याचे बोलणे' ह्यापलीकडे सहजासहजी काही आठवत नाही.

ह्या विषयाकडे आमचे लक्ष आज नव्याने वळले त्यास दोन कारणे आहेत. एक कारण म्हणजे श्री. मिलिंद बोकील यांचे 'गोष्ट मेंढा गावाची' हे पुस्तक. ते २०१२ साली मौज प्रकाशनाने प्रसिद्ध केले, तेव्हाच आम्ही ते वाचले होते. परंतु गेल्या वर्षी ते पुन्हा हाती घेण्याचा प्रसंग आला आणि पहिल्या वाचनात जे दिसले नव्हते ते ह्या वेळी दिसले. दुसरे कारण म्हणजे तो प्रसंगच. पुस्तकाकडे वळण्यापूर्वी तो थोडक्यात सांगणे भाग आहे; कारण त्यावाचून ह्या पुस्तकाचे जे मोल आम्हांस वाटले ते वाचकांस पटवून देता येणार नाही.

चंद्रपुरात आमचे एक लहानसे मंडळ आहे. त्याला नाव नाही, घटना नाही, वर्गणीही जेमतेम चहापुरती. पक्षी पाहण्याचा छंद असलेली वीस-बावीस माणसे महिन्यातून एका रविवारी जमतात. सकाळी जुनोन्याच्या तलावावर किंवा जवळच्या रानात हिंडतात, आणि मग एका सभासदाच्या ओसरीवर बसून जे पाहिले त्याविषयी बोलतात. काय दिसले, कोठे दिसले, किती दिसले आणि कशाविषयी शंका राहिली, एवढेच बोलावे असा आमचा प्रथमपासूनचा संकेत होता. एक वहीही ठेवली होती. पहिल्या दोन वर्षांची तिची पाने आजही वाचनीय आहेत. चक्रवाकांची पहिली जोडी कोणत्या आठवड्यात उतरली, अडईचे थवे किती मोठे होते, वारकऱ्यांची संख्या कोणत्या वर्षी का रोडावली, ह्या सर्वांची त्यात टिपणे आहेत. पुढे पुढे मात्र नोंदी आखूड होऊ लागल्या. शेवटी 'चर्चा झाली' एवढे दोनच शब्द महिन्यामागून महिने दिसू लागले. चर्चा कशाची झाली हे लिहिण्याची लिहिणारास लाज वाटली असावी. आणि तो लिहिणारा बहुधा आम्हीच असल्यामुळे हे अनुमान विश्वसनीय मानावयास हरकत नाही.

अशाच एका जुलै महिन्यातील बैठकीस गडचिरोली जिल्ह्यातील दूरच्या एका तालुक्यातून एक प्राथमिक शिक्षक आले. पहाटेची एस. टी. धरून, भर पावसात, मध्ये एकदा गाडी बदलून ते आले होते. त्यांच्या पिशवीत प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेली एक शंभर पानी वही होती. शाळेमागील जुन्या मोहाच्या ढोलीत राखी धनेशाने घरटे केले होते. धनेशाची मादी ढोलीत शिरून आपल्यास आतून लिंपून घेते आणि एका अरुंद फटीतून नर तिला व पुढे पिलांना चारा भरवतो, ही गोष्ट पुस्तकांतून सर्वांस ठाऊक असते. ह्या गृहस्थांनी ती रोज पाहून लिहिली होती. नर किती वेळा आला, उंबर आणले की वडाचे फळ आणले, किडा आणला तर कोणत्या दिवसापासून, हे सर्व त्यांनी विद्यार्थ्यांच्या मदतीने टिपले होते. हे आम्हांस मागाहून कळले. त्या दिवशी कळले नाही. कारण त्या दिवशी कोणी त्यांना विचारलेच नाही. ताडोबाच्या सफारीचे दर हा विषय निघाला होता. दरांवरून गर्दीवर, गर्दीवरून मोटारींवर, मोटारींवरून शहरातल्या रस्त्यांवर गाडी आली आणि दोन तास संपले. शिक्षकांना परतीची एस. टी. गाठायची होती. ते नमस्कार करून उठले, वही पिशवीतून निघालीच नाही, आणि ते पुन्हा आले नाहीत. सफारीच्या दरांचा विषय काढणारे गृहस्थ कोण होते हे सांगणे प्राप्त आहे. ते प्रस्तुत लेखकच होते. आणि अध्यक्षपदीही तेच होते.

ही चूक ध्यानी आल्यावर मंडळींनी जो उपाय केला तो मनुष्यस्वभावाला धरूनच होता. एका टोकाचा कंटाळा आला म्हणजे मनुष्य धावत दुसऱ्या टोकास जातो. एक पितळी घंटा आणण्यात आली. पक्ष्यांवाचून दुसरे काहीही निघाले की ती वाजवावयाची, असे ठरले. दोन-तीन महिने ह्या घंटेने फार चांगले काम केले. नोव्हेंबरातील बैठकीत गिधाडांचा विषय चालला होता. ती पूर्वी किती दिसत आणि आता किती दुर्मिळ झाली, ह्याच्या आठवणी जो तो सांगत होता. इतक्यात गुरांच्या दवाखान्यात काम करणाऱ्या एक तरुण डॉक्टरीणबाई गुरांना देण्याच्या वेदनाशामक औषधांविषयी बोलू लागल्या. दोन वाक्ये झाली नाहीत तोच घंटा वाजली. 'बाई, पक्ष्यांवर बोलू या,' असे कोणीसे म्हणाले. बाई थांबल्या. आणि वस्तुस्थिती अशी होती की त्या दिवशी गिधाडांविषयी मूळ गोष्ट जर कोणी बोलत असेल तर त्या एकट्याच! डायक्लोफिनॅक हे औषध दिलेल्या गुराचे मढे खाल्ल्याने गिधाडांचे मूत्रपिंड निकामी होऊन ती मरतात, हे २००४ साली संशोधनाने सिद्ध झाले, आणि २००६ साली आपल्या देशात गुरांसाठी त्याच्या वापरावर बंदी आली. औषधाची गोष्ट वगळून गिधाडांची गोष्ट सांगणे म्हणजे कैकेयीला वगळून वनवासाची कथा सांगण्यासारखे आहे.

जुलैच्या बैठकीत अवांतराने विषयाचा घात केला. नोव्हेंबरच्या बैठकीत अवांतराच्या भीतीने तोच घात केला. म्हणजे प्रश्न केवळ शिस्तीचा नव्हता. अवांतर म्हणजे नेमके काय, हा होता. ह्या प्रश्नाने अस्वस्थ असतानाच आम्ही बोकिलांचे पुस्तक पुन्हा उघडले.

'शाळा' ह्या कादंबरीमुळे बोकिलांचे नाव घरोघर पोहोचले आहे. परंतु ते मूळचे समाजशास्त्राचे अभ्यासक आहेत, आणि ह्या पुस्तकात त्यांच्या दोन्ही प्रकृती एकत्र आल्या आहेत. मेंढा हे गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील गोंडांचे एक लहान गाव. लेखा ह्या शेजारच्या गावामुळे ते मेंढा (लेखा) म्हणून ओळखले जाते. चांदा जिल्ह्याचे जे विस्तीर्ण अरण्य १९८२ साली गडचिरोली ह्या नव्या जिल्ह्यात गेले, त्यातलेच ते. दिल्लीत आणि मुंबईत आमचे सरकार असेल, पण आमच्या गावात आम्हीच सरकार, ही ह्या गावाची घोषणा महाराष्ट्रास परिचित आहे. वनहक्क कायद्यानुसार २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर त्याचा सामूहिक हक्क मान्य झाला, आणि २०११ च्या एप्रिलात तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी स्वतः येऊन बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती दिला, ह्या घटना वर्तमानपत्रांतून गाजल्या. देवाजी तोफा आणि चंद्रपूरच्या 'वृक्षमित्र' संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल ही नावे त्यांच्याशी निगडित आहेत.

परंतु आम्हांस ह्या वेळी मोहिनी पडली ती ह्या गाजलेल्या भागाची नव्हे. तिच्या मागे असलेल्या एका साध्या योजनेची. मेंढ्यात दोन प्रकारच्या बैठका होतात. एक ग्रामसभा. तेथे निर्णय होतात आणि ते बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात. दुसरा अभ्यासगट. तेथे ज्यांस एखाद्या विषयाची गोडी आहे ते बसतात, बाहेरच्या जाणत्या माणसास बोलावतात, प्रश्न विचारतात, माहिती पडताळतात. परंतु निर्णय करीत नाहीत. निर्णयाचा अधिकार अभ्यासगटास नाहीच. पोळे न जाळता आणि माश्या न मारता मध कसा काढावा, ह्यासारख्या विषयांचा विचार ह्या अभ्यासातूनच पुढे गेला.

आता वरवर पाहता ही केवळ कारभाराची सोय वाटेल. आमच्या मते ती मनुष्याच्या संभाषणवृत्तीची फार खोल जाण दाखवते. माणसे विषय सोडून का बोलतात? आपण समजतो तशी ती सर्वस्वी वाचाळतेमुळे बोलत नाहीत. निदान तीन कारणे निराळी काढता येतील. पहिले, मनात सलणारे एखादे गाऱ्हाणे असते आणि ते मांडण्यास दुसरी जागा नसते; म्हणून जी सभा हाती लागेल तीत ते बाहेर पडते. दुसरे, बोलण्यात जिंकण्याची इच्छा असते. चालू मुद्द्यावर जिंकता येत नाही असे दिसले की मनुष्य ज्या मुद्द्यावर जिंकता येईल तिकडे सर्वांस ओढून नेतो. तिसरे कारण भीड. वडीलधारा मनुष्य भरकटला तर त्यास 'अण्णा, हे राहू द्या' असे म्हणण्याची आपल्याकडे चाल नाही. आणि अण्णाच अध्यक्ष असले तर बोलणेच नको.

मेंढ्याची योजना पहिल्या दोन कारणांच्या मुळावरच घाव घालते. गाऱ्हाण्याला ग्रामसभा आहे. तेथे त्याला न्याय मिळण्याची शक्यता आहे, म्हणून मधमाश्यांच्या चर्चेत ते घुसवण्याचे प्रयोजन राहत नाही. आणि अभ्यासगटात निर्णयच व्हावयाचा नसल्यामुळे कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही. सबब दुसऱ्या मैदानावर लढाई नेण्याचे कारण उरत नाही. माश्यांच्या बैठकीत बोलणे माश्यांवर राहते ते घंटेच्या धाकाने नव्हे. इतर गोष्टींना आपापली घरे आहेत म्हणून राहते. घरातल्या चपला जागच्या जागी राहाव्या असे वाटत असेल तर मुलांवर ओरडण्यापेक्षा दाराशी एक फळी ठोकावी, तशातलाच हा प्रकार आहे. तिसऱ्या कारणाचा, म्हणजे भिडेचा, परिहार मात्र अशा योजनेने आपोआप होत नाही. त्यासाठी माणसेच तयार व्हावी लागतात.

ह्याला इतिहासातही आधार सापडतो. जॉन वॉलिस ह्या गणितज्ञाने १६४५ च्या सुमाराच्या लंडनमधील ज्या साप्ताहिक बैठकींचे वर्णन करून ठेवले आहे, त्यांतून पुढे रॉयल सोसायटीचा उगम झाला असे मानतात. इंग्लंडात तेव्हा यादवी युद्ध पेटले होते. अशा काळात त्या मंडळींनी धर्मशास्त्र, राजकारण आणि ताज्या बातम्या आपल्या बैठकीतून वगळल्या होत्या. परंतु ह्या नियमात एक सूक्ष्म अपवाद होता: जी बातमी आपल्या विषयाशी संबंध ठेवील ती मात्र चालेल. आमच्या घंटेला हा अपवाद ठाऊक असता तर डॉक्टरीणबाई गप्प बसल्या नसत्या.

दुसरे उदाहरण आपल्या घरचे आहे. १५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईत आठ सृष्टिप्रेमी गृहस्थ एकत्र आले आणि त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. आपापली टिपणे एकमेकांस सांगावी आणि मिळवलेले नमुने दाखवावे, एवढाच त्यांचा हेतू होता. लवकरच ही मंडळी फिप्सन नावाच्या मद्यविक्रेत्याने आपल्या दुकानात दिलेल्या जागेत जमू लागली. १८८६ साली तिचे नियतकालिक निघाले, ते आजतागायत चालू आहे. त्या आठांमध्ये दोघे आपल्याकडील होते: डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. आत्माराम पांडुरंग हे १८६७ सालच्या प्रार्थना समाजाचे संस्थापक. म्हणजे ज्या मनुष्याने धर्मसुधारणेसारख्या ज्वलंत विषयासाठी एक सभा उभारली, त्याच मनुष्याने पशुपक्ष्यांसाठी दुसऱ्या सभेत भाग घेतला. सखाराम अर्जुनांची सावत्र कन्या रखमाबाई. तिच्या विवाहाचा गाजलेला खटला १८८४ साली सुरू झाला आणि सारा हिंदुस्थान त्यावर बोलू लागला. घराभोवती असे वादळ घोंघावत असतानाही मनुष्यास फुलपाखरांच्या सभेची गरज वाटू शकते. कदाचित तेव्हाच ती अधिक वाटत असेल. एका विषयाला वाहिलेली सभा ही जगाकडे फिरवलेली पाठ असते असे मानणाऱ्यांनी ह्या दोन नावांचा विचार करावा.

येथे साहित्याचे अभ्यासक एक आक्षेप घेतील. अवांतर हा जर दोष, तर फडके-खांडेकरांनी मराठीत रुजवलेला लघुनिबंध आपण इतक्या आवडीने का वाचतो? त्याची सारी गोडी भटकण्यातच नाही काय? आक्षेप योग्य आहे आणि त्याचे उत्तरही बोधप्रद आहे. लघुनिबंधात एकच मन भटकत असते. ते कितीही दूर गेले तरी दोरीचे टोक त्याच्याच हातात असते. वीस माणसांच्या बैठकीत दोरी कोणाच्याच हातात नसते. पहिल्याच्या उपमेवरून दुसऱ्यास आठवण होते, दुसऱ्याच्या आठवणीवरून तिसऱ्यास राग येतो, आणि परत यावयाचे कोठे हे चौथ्यास ठाऊकच नसते. भटकण्यात पाप नाही. परतीची वाट विसरण्यात आहे.

आपल्या हरिदासांनी हे मर्म केव्हाच ओळखले होते. कीर्तनाच्या पूर्वरंगात बुवा मूळपद घेतात, आणि मग निरूपणाच्या ओघात पुराणात जातात, बाजारात जातात, सासू-सुनेच्या भांडणात जातात. श्रोते पोट धरून हसतात. परंतु अखेरीस बुवा मूळपदावर येतात, आणि आल्यावर असे दिसते की ती सासू-सून देखील त्या पदाचाच अर्थ उकलत होती. कीर्तनकाराची परीक्षा तो किती दूर गेला ह्यावर होत नाही. परत येताना हाती काय घेऊन आला ह्यावर होते. अवांतराची हीच कसोटी आम्हांस सर्वांत खरी वाटते. डॉक्टरीणबाई दूर गेल्या होत्या आणि गिधाडांसाठी काही घेऊन येत होत्या. आम्ही जुलैत दूर गेलो आणि आलोच नाही.

बोकिलांचे पुस्तक स्वतः ह्या कसोटीस उतरते, हे येथे मुद्दाम सांगितले पाहिजे. अशा विषयावर लिहिताना लेखकास मोह दोन होतात. एक सिद्धांताचा आणि दुसरा आरतीचा. ग्रामस्वराज्यावर एक प्रबंध लिहून मेंढ्यास त्यात उदाहरणादाखल बसवणे सोपे होते. किंवा नुसते गौरवगीत गाणेही सोपे होते. बोकिलांनी नावातच 'गोष्ट' हा शब्द घेतला आणि तो पाळला. भाषा साधी आहे, आणि समजावून सांगण्याची हातोटी अशी की शाळकरी मुलगाही मागे राहू नये. पुस्तक कायद्याच्या कलमांत शिरते, जंगलाच्या इतिहासात शिरते, पण गावास विसरत नाही.

तथापि एक उणीव आम्हांस जाणवली, ती सांगितल्यावाचून राहवत नाही. सहमती झाली हे आपणांस कळते. ती होण्यापूर्वी माणसे कशी अडखळली, कोण रुसले, कोणते बोलणे भलतीकडे गेले आणि कोणी ते हळूच वळवून आणले, हे अधिक कळावयास हवे होते. एखाद्या बैठकीचे आरंभापासून अखेरपर्यंतचे चित्र, माणसांच्याच बोलीत, बोकिलांनी विस्ताराने काढले असते तर? 'शाळा'तील मुलांचे बोलणे ज्याच्या कानाने इतके अचूक टिपले, त्याच्याकडून ही अपेक्षा करणे अन्यायाचे होणार नाही. सहमतीचे फळ दाखवणाऱ्या पुस्तकांपेक्षा सहमतीची मशागत दाखवणारी पुस्तके आपल्याकडे फार थोडी आहेत. आमच्यासारख्या भरकटणाऱ्या अध्यक्षांस तर त्यांची फारच निकड आहे.

आता एक अवघड प्रसंग सांगावयाचा राहिला. तो टाळला तर हे सर्व विवेचन सुखवस्तू माणसांच्या ओसरीवरचे ठरेल. मे महिन्यातील बैठकीस जिल्ह्याच्या पूर्वेकडील एक शेतकरी सभासद उशिरा आले. तेंदूपाने तोडण्याचे दिवस होते. त्यांच्या गावची एक बाई पाने तोडावयास गेली असता वाघाने मारली होती. ते मर्तिकावरून परस्पर आले होते. कोणीतरी नवरंगाच्या आगमनाची तारीख वाचत होते. ते काही वेळ ऐकत राहिले आणि म्हणाले, 'आमच्या गावात माणूस गेलं, आन् तुम्ही पाखरं मोजून राहिले.' घंटा समोरच होती. तिला कोणी हात लावला नाही. आणि तो लावला असता तर ते मंडळ त्याच दिवशी मोडावे असे आम्ही म्हटले असते.

हे अवांतर होते काय? विषय पक्ष्यांचा होता आणि हे पक्ष्यांविषयी नव्हते, हे खरे. परंतु ह्या दोन जिल्ह्यांत रानाविषयी कोणतेही बोलणे केवळ छंदाचे राहू शकत नाही. येथे जंगलाखाली कोळसा आहे, जंगलात वाघ आहे, आणि जंगलाच्या कडेला ज्याचे पोट त्यावर चालते असा मनुष्य आहे. अशा ठिकाणी 'आम्ही फक्त पक्ष्यांवर बोलतो' हे वाक्य एखाद्या दिवशी निर्दय होऊ शकते. त्या दिवशी आम्ही काय केले? दहा मिनिटे हळहळलो, वनखात्यावर दहा मिनिटे टीका केली, आणि चहा आला. पक्ष्यांचे काम झाले नाही आणि त्या बाईच्या घरच्यांचेही काही झाले नाही. आमच्या मते मे महिन्यातील हा अपराध जुलैतल्या अपराधाहून मोठा होता.

रात्री 'गोष्ट मेंढा गावाची' उघडले ते ह्याच अस्वस्थतेत. आणि जे उत्तर सापडले ते असे. त्या शेतकऱ्याचे बोलणे हे अवांतर नव्हते. ती दुसऱ्या सभेची हाक होती. अशी हाक आली म्हणजे वही मिटावी, नवरंगाची तारीख राहू द्यावी, त्या मनुष्याचे सर्व ऐकावे आणि त्याच आठवड्यात त्या विषयाची स्वतंत्र बैठक बोलवावी, जीत नुकसानभरपाईचा अर्ज कसा करावा हे जाणणारा मनुष्य असेल, वनखात्याचा मनुष्य असेल, आणि जीतून काही निष्पन्न होईल. विषयाला धरून राहणे ही पक्ष्यांवरची मेहरबानी नव्हे. ती त्या दुःखाचीही मर्यादा राखणे आहे. ज्या दुःखाला स्वतःची सभा मिळाली पाहिजे, त्यास दुसऱ्याच्या सभेतील दहा मिनिटे देऊन वाटेस लावणे हा त्याचा अपमान आहे.

ह्या विचाराने आम्ही आमची रीत थोडी बदलली. घंटा आता ज्यांच्या घरी बैठक होते त्यांच्या देवघरात गेली आहे. सर्वांत दुरून आलेल्या मनुष्याने प्रथम बोलावे, आणि लिहून आणलेले असेल ते चहापूर्वी वाचून व्हावे, असे ठरले आहे. वहीची शेवटची पाने 'अवांतर' म्हणून राखली आहेत. बोलता बोलता जे भलते निघेल ते कोणीतरी तेथे टिपून ठेवतो, आणि चहानंतर ज्यांना हवे ते त्यावर बसतात. अनुभव असा की सफारीच्या दरांसारखे विषय पानावर गेल्यावर चहापर्यंत बहुधा विसरले जातात. आणि जे विसरले जात नाहीत त्यांना खरोखरच वेगळ्या बैठकीची गरज असते. अशा दोन बैठका वर्षभरात झाल्या. बोलणारा दूर चालला असे वाटले तर त्यास थांबवावयाचे नाही. 'मूळपदाशी ह्याचा संबंध सांगा' एवढेच विचारावयाचे. डॉक्टरीणबाईंसारख्या माणसास ह्याचे उत्तर एका वाक्यात देता येते. ज्यास ते देता येत नाही तो बहुधा स्वतःच हसून थांबतो. आणि अध्यक्ष दर महिन्यास नवा असतो, ही सुधारणा आमच्याच सूचनेवरून झाली. भिडेवर आम्हांस सुचलेला उपाय एवढाच. तिची गरज कोणास अधिक होती हे वाचकांच्या ध्यानात आलेच असेल. सर्व काही सुरळीत झाले असे मात्र म्हणवत नाही. दोघा-तिघांनी येणे सोडले. पूर्वीची मजा राहिली नाही असे त्यांचे म्हणणे आहे, आणि ते अगदीच खोटे नाही.

धनेशाच्या त्या शिक्षकांना आम्ही पत्र लिहिले. झाला प्रकार लिहून क्षमा मागितली, आणि त्या वहीसाठी एक संपूर्ण बैठक राखून ठेवू असे कळवले. उत्तर चार महिन्यांनी आले. त्यांनी रागाचा शब्द लिहिला नव्हता. वही आता सातवीच्या मुलांकडे आहे, ह्या वर्षी त्याच ढोलीत धनेश पुन्हा आला, आणि मुले नोंदी ठेवीत आहेत. त्या पुऱ्या झाल्यावर पाहू, एवढेच त्यात होते. ते येतील की नाही हे आम्हांस सांगता येत नाही. परंतु त्यांच्या शाळेत एका घरट्याला धरून महिनोन् महिने न चुकता बोलणे चालू आहे, आणि तेथे अध्यक्ष नाही, घंटा नाही. ढोलीतील पक्षीच तेवढा आहे.

पुस्तकाविषयी लिहावयास बसलो आणि स्वतःच्या मंडळाची गाऱ्हाणी सांगत बसलो, असा आरोप आमच्यावर होईल. तो आम्हांस मान्य आहे. मात्र वर सांगितलेल्या कसोटीने त्याचा निवाडा व्हावा. 'गोष्ट मेंढा गावाची' हे पुस्तक आदिवासी गावाविषयी आहे, जंगलाच्या हक्काविषयी आहे, असे समजून शहरातील पुष्कळ वाचकांनी ते दूरच ठेवले असेल. त्यांस आमची विनंती आहे की चार माणसांत बसून एका विषयावर नीट बोलता येत नाही अशी खंत ज्यांस कधी वाटली असेल, त्यांनी ते अवश्य वाचावे. जी विद्या आम्हांस विद्यापीठाने शिकवली नाही, ती धानोरा तालुक्यातील एका लहान गावाने कमावली आहे, आणि बोकिलांनी ती आपल्या ओसरीपर्यंत आणून ठेवली आहे.